दसऱ्यानंतरचा ओला माळ आणि ग्रीनजवळचे छोटे फटके

खंडेनवमीला उद्यमनगरात लेथला, ड्रिलला, ग्राइंडरला हार पडतात. आमच्या वर्कशॉपमध्ये त्या रांगेच्या शेवटी माझी गोल्फची पिशवी असते. जूनपासून माळ्यावर पडलेली, ग्रिपांना बुरशीचा वास. हळदकुंकू लागलं की आमचा हंगाम सुरू.

आणि हंगामाचा पहिला रविवार दर वर्षी सारखाच जातो. लांबचे फटके बरे बसतात, ग्रीनजवळ, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताजवळ, आलं की इज्जत जाते. पहिल्या वर्षी माझा चेंडू ग्रीनच्या कडेपासून चार पावलांवर होता. सँड वेज, म्हणजे तोंड बरंच मागं कललेली काठी, काढली, टीव्हीवर बघितलेला सगळा तोरा केला आणि वेज चेंडूच्या चार बोटं मागं जमिनीत रुतली. चष्म्यावर चिखल, चेंडू वीतभर पुढं. दुसऱ्यांदा घाबरून वर उचलायला गेलो तर चेंडू टॉप होऊन, म्हणजे क्लब त्याच्या डोक्यावर लागून, ग्रीन ओलांडून पलीकडच्या चरात. जोडीदार शांतपणे म्हणाला, "भावा, गोल्फ खेळालायस का रान नांगरालायस?"

त्यानंतर तीन-चार पावसाळे गेले. आता ग्रीनजवळचे फटके बऱ्यापैकी जमतात. ज्यांनी नुकतंच खेळायला घेतलंय आणि ज्यांचा पहिलाच ऑक्टोबर आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. सगळी मांडणी उजव्या हातानं खेळणाऱ्यांसाठी आहे; डावखुऱ्यांनी उलटं धरावं.

आधी सामान

नवीन काही विकत घ्यायची गरज नाही. पिशवीत 14 क्लब, म्हणजे काठ्या, ठेवायची मुभा असते, पण ग्रीनजवळ मी चारच वापरतो: सात किंवा आठ नंबरची आयर्न (धातूच्या तोंडाचा क्लब), पिचिंग वेज, सँड वेज आणि पटर (ग्रीनवर चेंडू घरंगळवायचा क्लब). त्याशिवाय:

- दोन टॉवेल. एक ओला, क्लबच्या तोंडावरची माती काढायला. एक कोरडा, फक्त ग्रिप आणि हातांसाठी. दोन्हीचं काम एकाच टॉवेलवर भागवाल तर तिसऱ्या होलपर्यंत ग्रिप साबणासारखी होते.
- जुना टूथब्रश. क्लबच्या तोंडावरच्या खाचांत माती बसली की चेंडूला फिरकी मिळत नाही.
- ग्रीनवरचे खड्डे बुजवायची चिमटी.
- खिळे शाबूत असलेले बूट. गुळगुळीत तळाचे बूट घालून ओल्या उतारावर उभं राहाल तर फटक्याआधी तुम्हीच घसराल.

सँड वेज उलटी करून तळ बघा. बऱ्याच वेजवर 56-12 असे दोन आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा तोंड किती अंश मागं कललंय त्याचा, म्हणजे लॉफ्टचा. दुसरा बाऊन्सचा. हा दुसरा आकडा नवख्याला कुणी समजावून सांगत नाही, आणि ओल्या जमिनीवर तोच महत्त्वाचा. त्याच्याकडे पाचव्या पायरीला येतो.

1. झेंड्याकडं नंतर बघा, आधी पायाखाली

पैलवान आखाड्यात उतरला की पहिल्यांदा माती हातात घेतो. तसंच इथं. चेंडूकडं चालत जाताना जमीन बुटानं चाचपत जा. आपल्याकडं नदीकाठची काळी जमीन ओल धरून ठेवते, तर मुरमाड माळ दोन दिवसांत निथळतो. एकाच मैदानावर उंचवट्यावरचं ग्रीन टणक आणि खोलगटातलं लोण्यासारखं, असं सर्रास असतं. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, तो सगळ्या रानाला एकाच दिवशी येत नाही. हस्ताचा पाऊस सरेपर्यंत तर कशाचाच भरवसा धरू नका.

तीन जागा तपासायच्या: चेंडू पडलाय ती, ग्रीनच्या कडेची पट्टी, आणि ग्रीनवर जिथं टप्पा पाडायचाय ती. पहिल्या दोन जागांवर नुसतं उभं राहिलं तरी कळतं. ग्रीन चालून बघा, पण टाच रोवू नका, आणि आपल्या चेंडूच्या वाटेवर पाय आपटून जागा दाबू नका. दंड बसतो.

कडेची पट्टी सर्वांत फसवी. उन्हाळ्यात चेंडू तिथं टप्पा खाऊन मजेत ग्रीनवर सरकतो. ऑक्टोबरात तोच टप्पा चिखलात "पच्" होऊन तिथंच बसतो. म्हणून या दिवसांतला माझा एकच कायदा: टप्पा ग्रीनवरच पाडायचा, कडेपासून निदान एक पाऊल आत.

2. गवताचा कल ओळखा

गणपतीला वाहतो ती दूर्वा, शेतकरी जिच्या नावानं बोटं मोडतो ती हरळी, आणि गोल्फवाले जिला बर्म्युडा म्हणतात ते गवत एकच. मैदानांवर बहुतेक ठिकाणी तिचेच सुधारलेले प्रकार असतात. हरळी सरळ वर वाढत नाही, आडवी पसरते. पावसात ती फोफावलेली असते, कापणी मागं पडलेली असते आणि सगळी पाती एका बाजूला लोळलेली असतात.

लोळ तुमच्या दिशेनं असेल तर क्लबची कड त्यात अडकते. जाजमावर उलटा हात फिरवावा तसं. ओळखायचं कसं? चेंडूच्या मागं उभं राहून बघा. गवत फिकट, चमकदार दिसलं तर ते तुमच्यापासून पलीकडं लोळलंय, चेंडू पळणार. गडद दिसलं तर तुमच्याकडं लोळलंय, चेंडू अडणार. होलच्या एका कडेचं गवत विस्कटलेलं असतं, बहुतेक वेळा कल त्याच बाजूला. ढगाळ सकाळी चमक कळत नाही, तेव्हा होलच्या कडेवरच भिस्त.

उलट्या कलाच्या गवतात, ओल्या जमिनीवर, वेज घेऊन नाजूक फटका मारणं नवख्यानं या हंगामात विसरून जावं. मी अजून विसरलेलोच आहे.

3. टप्प्याची जागा ठरवा, मग क्लब

बहुतेक जण क्लब हातात घेऊन मग विचार करतात. उलटं करा. आधी ग्रीनवरचा एक ठिपका निवडा: वाळलेलं पान, वेगळ्या रंगाचं गवत, काहीही. मग मोजा: चेंडूपासून ठिपका किती पावलं, आणि ठिपक्यापासून होल किती पावलं.

इथं बाराचा हिशोब कामाला येतो. घरंगळायचं अंतर हवेतल्या अंतराच्या किती पट हवंय ते काढा आणि तो आकडा 12 मधून वजा करा. उरेल त्या नंबरची आयर्न. पिचिंग वेजला 10 धरायचं, सँड वेजला 11.

उदाहरण घ्या. चेंडू कडेपासून दोन पावलं बाहेर. ठिपका एक पाऊल आत, म्हणजे हवेत तीन पावलं. ठिपक्यापासून होल नऊ पावलं. नऊ म्हणजे तीनच्या तिप्पट. बारातून तीन गेले, नऊ नंबरची आयर्न.

हा हिशोब सपाट आणि मध्यम वेगाच्या ग्रीनचा. ऑक्टोबरात ग्रीन सुस्त असतं, गवत उंच, वर ओल. चेंडू घरंगळतो कमी. नंबर लहान तितका चेंडू जास्त घरंगळतो, म्हणून आलेल्या उत्तरातून आणखी एक वजा करा: नऊच्या जागी आठ. सकाळी सातला दव असेल तर दोन वजा, सात नंबर. दहा वाजता ऊन चढून दव उडालं की तेच ग्रीन वेगळं वागतं. मी एकदा सकाळच्या हिशोबानं साडेदहाला मारलं आणि चेंडू होलच्या पुढं सहा पावलं गेला.

4. उभं कसं राहायचं

पाय जवळ, दोन्हींमध्ये एका बुटाची जागा. वजन दहा आणे डाव्या पायावर, सहा आणे उजव्यावर, आणि फटका संपेपर्यंत ते हलवायचं नाही. क्लब थोडा खाली धरा. चेंडू दोन पायांच्या मधोमध.

चेंडू मागच्या पायाजवळ ठेवा आणि हात खूप पुढं झुकवा, हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. कोरड्या, टणक जमिनीवर तो चालतो. ओल्यात तोच बुडवतो.

मग क्लब मागं न्या आणि खांद्यांनी झुलवा, मनगटं शांत. जितकं मागं तितकंच पुढं. छाती फटक्याबरोबर होलकडं वळू द्या. सर्वांत मोठी चूक इथंच होते: क्लब भरपूर मागं जातो, खाली येताना "जास्त होतंय की काय" अशी शंका येते आणि माणूस ऐन वेळी ढिला पडतो. अवसान गळालं की क्लब रुततो. अंतर कमी हवं असेल तर मागं कमी न्या, पुढं येताना ब्रेक लावू नका.

5. बाऊन्स: वेजला रुतू न देणारा तळ

आता तो दुसरा आकडा. वेजचा तळ सपाट नसतो. पुढच्या धारेपेक्षा मागचा फुगवटा खाली असतो, आणि त्या फरकाचा कोन म्हणजे बाऊन्स. साधारण 4 अंशांपासून 14 पर्यंत मिळतो. जास्त बाऊन्सची वेज मऊ जमिनीवर आपटली की फुगवटा आधी टेकतो आणि क्लब सरकत पुढं जातो. कमी बाऊन्सची वेज म्हणजे खुरपं.

सुतारकामाशी ओळख असेल त्यांना लगेच कळेल. रंध्याचं पातं अर्धा सूत जास्त बाहेर आलं की लाकूड सोलायचं सोडून ते अडकतं. वेजचंही तेच. तुम्ही हात पुढं झुकवता तेव्हा धार बाहेर काढता आणि फुगवटा लपवता. 12 अंश बाऊन्सच्या वेजचा दांडा 8 अंश पुढं झुकवला तर हाताशी उरले चार. वर चेंडू मागच्या पायाशी. पहिल्या वर्षी मी नेमकं हेच केलं होतं.

तेव्हा सँड वेज वापरायचीच वेळ आली, म्हणजे मध्ये बंकर (वाळूचा खड्डा) आहे किंवा होल कडेला अगदी चिकटून आहे, तर असं करा:

दांडा जवळजवळ उभा, त्याचं वरचं टोक पट्ट्याच्या बकलाकडं. तोंड जरासं उघडं, आणि ग्रिप पकडायच्या आधीच उघडा. पकडल्यावर मनगट वळवून उघडलेलं तोंड खाली येईपर्यंत पुन्हा बंद होतं. चेंडू मधोमध किंवा बोटभर पुढं. मग चेंडू उचलायचा प्रयत्न न करता तळानं गवत झाडा. केरसुणीनं अंगण झाडतो तितपतच.

बरोबर जमलं की नाही हे आवाजावरून कळतं. तळ टेकला तर "थप्". धार घुसली तर "खच्". चेंडू कुठं गेला ते बघायच्या आधी कान उत्तर देतो. मी पंधरा दिवस फक्त आवाजासाठी मारत होतो, चेंडू कुठं जातोय तिकडं लक्षच नव्हतं. त्यातून जेवढं शिकलो तेवढं कुठल्या व्हिडिओतून नाही.

ओल्या गवताची आणखी एक खोड. तोंड आणि चेंडू यांच्यामध्ये पाणी आलं की फिरकी कमी होते, चेंडू थोडा वर उठतो आणि टप्प्यावर चावत नाही. मऊ ग्रीन त्याला थांबवतं खरं, पण फिरकीच्या भरवशावर झेंड्यापाशी टप्पा पाडू नका. प्रत्येक फटक्याआधी तोंड पुसा.

6. पटर चालत असेल तर पटर

चेंडू ग्रीनच्या अगदी बाहेर, मधलं गवत आखूड आणि निथळलेलं: पटर घ्या. दिसायला साधं दिसतं, कुणी हसेलही. पटरनं मारलेला माझा सगळ्यात वाईट फटका माझ्या सरासरी चिपपेक्षा, म्हणजे ग्रीनबाहेरून मारलेल्या छोट्या उचल फटक्यापेक्षा, होलच्या जवळ जातो. मधलं गवत दोन पावलांपेक्षा जास्त किंवा पाणथळ असेल, तर मात्र चेंडू अर्ध्यातच दमतो. तिथं सात-आठ नंबर.

2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारताची गोल्फर अदिती अशोक चौथी आली, तेव्हा आमच्या वर्कशॉपातल्या चार पोरांनी पहिल्यांदा मोबाइलवर गोल्फ बघितलं. ती काही लांब मारणाऱ्यांतली नव्हे, ती कमावते ते ग्रीनजवळ आणि ग्रीनवर. "एवढं हळू मारून चौथी?" हा प्रश्न त्या पोरांना पडला, आणि त्यातलाच एक आता आमच्याबरोबर येतो.

7. पावसाळी नियम: कुठं सूट, कुठं दंड

हे माहीत नसल्यानं लोक विनाकारण चिखलातून मारतात, नाहीतर नको तिथं चेंडू उचलून दंड ओढवून घेतात.

*रुतलेला चेंडू.* फटक्यानं चेंडू स्वतःच्याच खड्ड्यात रुतला आणि त्याचा काही भाग जमिनीच्या पातळीखाली असेल, तर फुकट सूट. चेंडू उचला, पुसा, खड्ड्याच्या लगेच मागच्या जागेपासून एका क्लबच्या लांबीत, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून सोडा. बंकरमध्ये ही सूट नाही.

*साचलेलं पाणी.* तुम्ही उभे राहताना पाणी वर दिसत असेल तर सूट. नुसता चिखल किंवा पाय दाबल्यावर क्षणभर वर येणारं पाणी मोजत नाहीत. आणि नीट लक्षात ठेवा: चेंडू ग्रीनच्या बाहेर आणि साचलेलं पाणी ग्रीनवर तुमच्या वाटेत असेल, तर सूट नाही. चेंडू ग्रीनवर असला तरच वाटेतल्या पाण्याची सूट मिळते. मी यावर एकदा पाच रुपयांच्या पैजेत शंभर रुपयांचा वाद घातला आणि हरलो.

*गांडुळांची माती.* पावसानंतर गवतावर मातीच्या बारीक गुठळ्या दिसतात. गांडुळांनी काढलेली ती माती कुठंही बाजूला करता येते, फक्त चेंडू हलता कामा नये. मात्र साधी सुटी माती किंवा वाळू ग्रीनबाहेर हलवायची नाही, ती फक्त ग्रीनवर झाडता येते. दवाला तर हातच लावायचा नाही. टॉवेलनं चेंडूमागचं दव पुसणारा मी बघितलाय, बिचाऱ्याला वाटलं स्वच्छता करतोय.

*चेंडूला लागलेला चिखल.* ग्रीनबाहेर तो पुसायची परवानगी एरवी नसते. पण पावसाळ्यानंतर काही ठिकाणी आयोजक आखूड कापलेल्या भागात चेंडू उचलून, पुसून, ठरावीक अंतरात परत ठेवायची तात्पुरती मुभा देतात. पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू होतो तिथं, विचारून घ्या, अंतर किती तेही विचारा, आणि उचलण्याआधी खूण ठेवा.

8. बंकर, थोडक्यात

पावसानं वाळू दबून वर पापडी धरते. जास्त बाऊन्सची वेज तिच्यावर उसळते आणि चेंडूच्या पोटात बसते. तोंड सरळ ठेवा, उघडं नको, किंवा सरळ पिचिंग वेज घ्या. बंकरमध्ये पाऊल टाकल्यावर टाच किती आत जाते त्यावरून वाळू ओळखता येते. हातानं चाचपलीत तर दंड.

9. सराव, ग्रीन नसलं तरी

आमच्यापैकी रोज कुणालाच मैदानावर जायला मिळत नाही. गावाबाहेर एका मित्राच्या रानाला लागून मुरमाड माळ आहे. तिथं हरळीचा दहा बाय पंधरा फुटांचा तुकडा आम्ही कापून गुळगुळीत ठेवतो. मधोमध पाइपचा तुकडा पुरलाय. गोल्फचं होल 108 मिलिमीटर रुंदीचं असतं आणि प्लंबरकडं मिळणारा 110 चा पीव्हीसी पाइप आतून त्यापेक्षा किंचित अरुंद. इथं चेंडू पडायला लागला की मैदानावरचं होल हौदासारखं वाटतं.

सगळ्यात उपयोगी सराव गुळाच्या बारदानाचा. रिकाम्या पोत्याची घडी करून चेंडूच्या मागं चार बोटांवर ठेवा आणि आठ नंबरनं चिप मारा. पोत्याला लागलात तर आधी जमीन मारताय. ओल्या जमिनीवर ही चूक सगळ्यात महाग, आणि पोतं ती लगेच दाखवतं. वीस फटके पोतं न हलवता जमले की पोतं दोन बोटं जवळ आणा.

गच्चीवर काथ्याच्या पायपुसण्यावरून मारून शिकतो म्हणणाऱ्यांनी जपून. काथ्या क्लबला रुतूच देत नाही, चूक झाकतो. मी पहिला पावसाळा असाच घालवला होता, आणि चष्म्यावरचा चिखल त्याचंच फळ.

खेळून झाल्यावर

ग्रीनवर आपल्या चेंडूनं पाडलेला खड्डा बुजवा. चिमटीनं मधली माती वर उचलू नका, मुळं तुटतात; कडेचं गवत मध्याकडं ढकला आणि पटरच्या तळानं हलकेच दाबा. मऊ दिवसांत एक खड्डा तुमचा आणि दोन दुसऱ्याचे, असा आमच्यात रिवाज आहे.

घरी आल्यावर पिशवी गाडीच्या डिकीत ठेवून देऊ नका. क्लब बाहेर काढून ग्रिपा वर करून भिंतीला टेकवा, टॉवेल वाळत घाला, पिशवीची चेन उघडी ठेवा. आणि डिसेंबर उजाडला, टाच रुतेनाशी झाली, की इथला बाऊन्सचा सल्ला पुन्हा तपासा. टणक जमिनीवर तोच 12 अंशांचा फुगवटा आपटून उसळतो आणि चेंडू टॉप होतो. तेव्हा हात थोडे पुढं चालतात, आणि कडेच्या पट्टीवरचा टप्पाही.